शाब्दिक उदाहरणं, तिसरीतली लेक आणि आमच्या डोक्याचा भुगा

निशाचर_आई

मंडळी, मदत हवीय. लेक तिसरीत आहे. तीन अंकी बेरीज-वजाबाकी हातच्यासकट पटापट करते, बारापर्यंत पाढे पाठ, मधूनच कुठूनही विचारा. पण तेच गणित चार ओळींच्या गोष्टीत गुंडाळून आलं की संपलं. पहिली ओळ वाचते, पेन्सिल चावते आणि विचारते, "आई, अधिक की वजा?" मी वजा म्हटलं की पाच सेकंदांत उत्तर तयार आणि बरोबर. मी गप्प बसले की माझ्या तोंडाकडे बघत एकेक चिन्ह टाकून बघते, "अधिक?... गुणिले?" आणि माझी भुवई जरा हलली की तिला बरोबर कळतं. म्हणजे बाई उदाहरण वाचतच नाहीये, मला वाचतेय.

कालचं उदाहरण जसंच्या तसं देते:

"अनयने इराला ६ गोट्या दिल्या. आता दोघांकडे सारख्याच गोट्या झाल्या. आधी अनयकडे इरापेक्षा किती गोट्या जास्त होत्या?"

लेक म्हणाली ६. नवरा मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला ६. मी म्हटलं १२. मग अर्धा तास आमच्या दोघांचंच वाजलं, तोवर लेक तिथेच वहीवर डोकं ठेवून झोपली. १२ का ते मला कळतंय, पण तिला पटेल असं सांगता येईना. 'हा शब्द आला की हे कर' छाप नियम शिकवावेत असंही वाटत नाही... की शिकवावेत? तुम्ही घरी काय करता?

टिकोजीराव

६च ना? ६ दिल्या म्हणजे ६ जास्त होत्या. अवघड काय आहे त्यात.

शून्यशेष

टिकोजीराव हा नवऱ्याचा आयडी आहे का?

निशाचर_आई

नाही हो, तो अजून वाचनमात्र आहे :)

टिकोजीराव

थांबा. १२. कागदावर मांडलं तेव्हा कळलं. मान्य. इंजिनियर आहे, कोणाला सांगू नका.

प्राची२

आमच्याकडे हेच झालंय, फक्त गोट्यांच्या जागी स्टिकर होते. तोंडाने सांगू नका, हातात द्या. माझ्याकडे शर्टाच्या जुन्या बटणांचा डबा आहे, तो जमिनीवर पालथा केला आणि आम्ही दोघी समोरासमोर बसलो. दोघींपुढे १०-१० बटणं. म्हणजे गोष्टीचा शेवट आधी मांडला. म्हटलं, आता सिनेमा उलटा फिरवू, तू मला दिलेली ६ परत घे. तिने माझ्या ढिगातली ६ ओढून घेतली. माझ्याकडे ४, तिच्याकडे १६. तिने मोजलं, परत मोजलं, मग मी मांडीखाली बटणं लपवल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "पण मी ६च घेतली!" तेच तर! तुझी ६ वाढली आणि माझी ६ कमी पण झाली.

मग तिनेच २०-२० घेऊन करून बघितलं, मग ७-७ घेऊन. दर वेळी फरक १२. ७-७ ला माझ्याकडे एकच बटण उरलं तेव्हा तर फारच खूश झाली. मी समजावलं असं काही नाहीच, फक्त तोंड बंद ठेवलं, आणि ते बटणांपेक्षा अवघड होतं.

जुना मास्तर

प्राथमिकला २६ वर्षं शिकवलं आहे म्हणून लिहितो. बटणं वगैरे एका मुलाला ठीक आहे. वर्गात चाळीस-पंचेचाळीस पोरं असतात, त्यातली दहा अशी की उदाहरण म्हटलं की पान कोरं. त्यांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. मी फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवायचो: एकूण, मिळून आलं की बेरीज. उरले, फरक, कमी आलं की वजाबाकी. प्रत्येकी आलं की थांबा, गुणाकार किंवा भागाकार. ती दहा पोरं निदान कागदावर काहीतरी मांडायला लागली. नियम वाईट म्हणायची फॅशन आहे हल्ली.

चष्मिष

मास्तर, अनुभवाचा आदर आहेच, पण ह्या यादीनेच माझ्या पोराचा घात केला.

"वर्गात एकूण ३५ मुलं, त्यात १९ मुली. मुलगे किती?" 'एकूण' दिसलं, बेरीज ठोकली, ५४ मुलगे. ३५ जणांच्या वर्गात. त्याला काहीच खटकलं नाही.

"झाडावरून ८ पक्षी उडाले, ५ उरले. आधी किती होते?" उडाले पण आहे, उरले पण आहे, म्हणजे वजाबाकीचे डबल पुरावे. उत्तर मात्र १३.

आणि सगळ्यात छळवादी शब्द 'पेक्षा'. "राधाकडे १२ पुस्तकं आहेत. ती मीनाच्या पुस्तकांपेक्षा ५ने जास्त आहेत. मीनाकडे किती?" 'जास्त' म्हणून बेरीज केली की १७, आणि मीना फुकटची श्रीमंत. इथे विचारायचं एवढंच की जास्त कोणाकडे? राधाकडे. मग मीनाचं उत्तर १२च्या वर जाईल कसं? हा प्रश्न पोरगं स्वतःला विचारत नाही कारण यादीने त्याला शब्द हुडकायला शिकवलंय, गोष्ट बघायला नाही.

फ्रान्समध्ये ग्रनोबल इथे १९८० च्या सुमारास एका गटाने सात ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी आकड्यांची काहीतरी खिचडी करून वय सांगितलं. 'हे कसं सांगणार?' म्हणणारी अगदी थोडी.

शून्यशेष

३६. जहाज चालवायला वय अगदी योग्य.

टिकोजीराव

मी १६ म्हणणार होतो. वजाबाकी करून.

वाचनमात्र_होतो

फक्त ह्या कप्तानासाठी लॉगिन केलं. कप्तान त्याहून जुना आहे. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर ह्याने बहिणीला लिहिलेल्या पत्रात गमतीने असंच कोडं घातलं होतं, जहाज कुठून निघालं, माल किती, वारा कुठला असला सगळा तपशील देऊन शेवटी विचारलं कप्तानाचं वय काय. असो, अवांतराबद्दल क्षमस्व. परत वाचनमात्र.

जुना मास्तर

चष्मिष, ५४ मुलगे माझ्याही वर्गात झाले आहेत, नाकारत नाही. यादीचं मी थोडं मागे घेतो, पण एक गोष्ट कोणी बोललं नाही ती सांगतो. ती दहा पोरं गणितात अडकत नव्हती, वाचनात अडकत होती. एकदा सहज म्हणून तेच उदाहरण मी मोठ्याने वाचून दाखवलं, नीट, थांबत थांबत, गोष्ट सांगतात तसं. दहातल्या सहांनी तोंडी उत्तर दिलं. फळ्यावर न लिहिता! अक्षर लावत लावत तिसऱ्या ओळीपर्यंत पोचेतो पहिली ओळ डोक्यातून गेलेली असते, मग हाताशी राहतात ते फक्त आकडे. बिचारे आकडे धरून बसतात.

म्हणून निशाचरताई, आधी बघा की तुम्ही वाचून दाखवल्यावर तिला येतं का. येत असेल तर दुखणं वेगळं आहे.

निशाचर_आई

सर, हे डोक्यातच आलं नव्हतं. आज करून बघते.

दोन_भाषा

सरांच्या मुद्द्याला +१०१. त्यात शाळेची भाषा एक आणि घरची दुसरी असेल तर विचारूच नका. आमच्याकडे पुस्तक इंग्रजीत. 'हाऊ मेनी मोर' आलं की 'मोर' म्हणजे जास्त, करा अधिक. मी म्हटलं मराठीत सांग बरं काय विचारलंय, तर म्हणाला "एकाकडे दुसऱ्यापेक्षा कितीने जास्त ते विचारतायत" आणि सांगता सांगता स्वतःच "ओह" म्हणाला. तेव्हापासून नियमच आहे, आधी घरच्या भाषेत गोष्ट, मग वही.

पण मराठी काही कमी चालू नाही हं. 'दोन दिवसांआड रोपाला पाणी घालायचं, सोमवारी घातलं, पुढचं कधी?' माझी आई म्हणाली गुरुवार, नवरा म्हणाला बुधवार. मुलगा म्हणाला रोपालाच विचारा.

कुंपणावरचा

गुरुवारच. मधे मंगळवार, बुधवार दोन दिवस 'आड' येतात.

टिकोजीराव

बुधवार नाही का? एक, दोन... हां. मंगळ, बुध, आणि मग... मी ह्या धाग्यावर काही बोलतच नाही.

आडवातिडवा

टिकोजीराव, तुमच्यासाठी खास. करा बघू बोटं न मोडता:

१. रांगेत नील पुढून ७वा आणि मागून ९वा. रांगेत एकूण किती जण?
२. १२ मीटर दोरीचे २-२ मीटरचे तुकडे करायचे. कात्री किती वेळा चालवावी लागेल?
३. १० मीटर खोल विहिरीतून गोगलगाय रोज दिवसा ३ मीटर चढते, रात्री २ मीटर घसरते. कितव्या दिवशी बाहेर?

टिकोजीराव

१६, ६, १०व्या दिवशी.

आडवातिडवा

तिन्ही चूक _/\_

रांगेत १५. नीलला तुम्ही दोनदा मोजलंत, पुढूनही आणि मागूनही. दोरी ५ वेळा कापायची, पाचव्या वेळी शेवटचे दोन तुकडे एकदमच मिळतात. आणि गोगलगाय ८व्या दिवशी. सात दिवस-रात्रींनंतर ती ७ मीटरवर असते, आठव्या दिवशी ३ चढली की काठावर. एकदा बाहेर पडल्यावर रात्री परत घसरायला कशाला येईल?

गंमत अशी की ह्या तिन्हींत बेरीज-भागाकार सगळ्यांना येतो, चुकतो तो टोकाचा हिशोब. पहिला, शेवटचा, मधला. आणि सोपा उपाय, आकडे लहान करा. १२ मीटर राहू दे, ४ मीटर घ्या. एक कागदाची पट्टी, दोन तुकडे, कात्री एकदा. ६ मीटर, तीन तुकडे, दोनदा. दोन-तीन वेळा केलं की पोरं स्वतःच म्हणतात "तुकड्यांपेक्षा एक कमी". तेच तुम्ही आधी सांगितलंत की दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या खांबांनाही 'एक कमी' लावून मोकळी होतात आणि तिथे खांब एक जास्त लागतो. (गोल कुंपण असेल तर जितके गाळे तितके खांब. ते वेगळंच.)

शून्यशेष

टिकोजीराव, इंजिनियर म्हणजे नक्की कसले? पुलावरून जाताना विचारलेलं बरं. हलकेच घ्या.

टिकोजीराव

सॉफ्टवेअर. तिथे एकने चुकलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करतो.

रेघोट्या

मूळ गोट्यांकडे येते. बटणं झाली की पुढची पायरी पट्ट्या. एकदम चिन्हांवर उडी नको. सिंगापूरच्या शिक्षण मंत्रालयाच्या गटाने १९८० च्या दशकात प्राथमिक गणितात हे पट्ट्यांचं चित्र आणलं, खो तेक हाँग हे त्या गटाचे प्रमुख होते. आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे, हा क्रम मात्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनरच्या मांडणीवरून घेतलेला.

उदाहरण: समीर आणि रियाकडे मिळून ४८ स्टिकर. समीरकडे रियाच्या तिप्पट. प्रत्येकाकडे किती?

समीर [   ][   ][   ]
रिया [   ]

चार खोके मिळून ४८, एक खोका १२. रियाकडे १२, समीरकडे ३६. क्ष नाही, समीकरण नाही. तिप्पट म्हटलं की मुलं ४८ भागिले ३ करतात, चौथा खोका रियाचा आहे हे विसरतात. चित्रात तो समोरच दिसतो.

तुमच्या गोट्यांना:

अनय [ सारखं ][ ६ ][ ६ ]
इरा [ सारखं ]

अनयचा शेवटचा ६चा खोका इराकडे गेला की दोन्ही पट्ट्या सारख्या लांबीच्या होतात. आधीचा फरक किती? दोन खोके. हे चित्र काढून एकदा त्या नवऱ्यालाही दाखवा.

कुंपणावरचा

पट्ट्या छान आहेत पण त्याचंही कर्मकांड होतं बरं का. माझा मुलगा एका शिकवणीला जायचा. तिथे ५ आणि ३ मिळून किती ह्यालाही पट्टी काढायची, पट्टीने मोजून, रंग भरून. हा तोंडी उत्तर सांगून मोकळा व्हायचा. एकदा ३०च्या पेपरात सगळी उत्तरं बरोबर आणि मार्क १९, कारण 'चित्र काढले नाही'. घरी आला तेव्हा चेहरा असा होता की मी पेपर घडी करून खिशातच टाकला. त्यानंतर बरेच दिवस तो उदाहरण न वाचताच आधी दोन पट्ट्या काढायचा, सवयीने, मग त्यात काय भरायचं ते शोधायचा. म्हणजे मास्तरांच्या यादीचंच दुसरं रूप. चित्र अडल्यावर काढायचं असतं.

रेघोट्या

कुंपणावरचा, हे वाचून वाईट वाटलं. पूर्ण सहमत. ज्याला डोळे मिटून दिसतंय त्याला कागदावर काढायला का लावायचं?

जुना मास्तर

त्यावरून, उत्तरात एकक लिहिलं नाही म्हणून मी अर्धा मार्क कापायचो आणि अजूनही कापेन. '१५' म्हणजे काय १५? मुलं, मीटर की मिनिटं? एकक लिहायला लागतं म्हणून तरी पोरगं शेवटी परत प्रश्नाकडे बघतं की विचारलं काय होतं.

शून्यशेष

सर, आम्ही तुमच्या वर्गात असतो तर अजून तिसरीतच असतो.

चष्मिष

एककावर सरांशी सहमत, आश्चर्य म्हणजे. अमेरिकेत १९८० च्या दशकात १३ वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय चाचणीत विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात, ११२८ सैनिकांना न्यायचंय, बस किती लागतील? ७० टक्के मुलांनी भागाकार अगदी बरोबर केला. उत्तर ३२ मात्र २३ टक्क्यांनीच लिहिलं. २९ टक्क्यांनी लिहिलं '३१, बाकी १२'. म्हणजे ३१ बस आणि एक 'बाकी १२' नावाची बस.

ह्यावरून मी घरी एक खेळ काढलाय. भागाकार एकच, २६ भागिले ४. गोष्टी चार.
२६ मुलं, एका गाडीत ४ बसतात, गाड्या किती? ७.
२६ सेंटिमीटर रिबीन, एका फुलाला ४ लागते, पूर्ण फुलं किती? ६.
२६ पेन्सिली चौघांत सारख्या वाटल्या, किती उरल्या? २.
२६ लिटर पाणी ४ बादल्यांत सारखं, प्रत्येकीत किती? साडेसहा.
पोराला पहिल्यांदा हा घोर अन्याय वाटला, "एकाच गणिताची चार उत्तरं कशी?" आता तोच बहिणीला छळतो ह्याने.

मंजिरी_म

सगळे प्रकार झाले, आता घरातला प्रकार लिहिते. दोन मुलं, एक सहावीत एक दुसरीत, त्यामुळे चुका करून झाल्यात. पहिली म्हणजे रात्री नऊनंतर उदाहरण घ्यायचं नाही. नऊनंतर माझा आवाज आपोआप एक पट्टी वर जातो आणि पोराला फक्त आवाज ऐकू येतो, गोट्या नाही. दुसरी, दिवसाला दहा उदाहरणं नकोत. एकच, पण त्याचा पिच्छा पुरवायचा.

मला उपयोगी पडलेला प्रकार म्हणजे आकडे झाकणं. अक्षरशः. पुस्तकावर आकडा आला की मी अंगठा ठेवते. "अनयने इराला... गोट्या दिल्या. आता दोघांकडे सारख्या झाल्या." आता सांग काय झालं? कोणाच्या वाढल्या, कोणाच्या कमी झाल्या, आधी जास्त कोणाकडे होत्या? आकडेच नसले की पोरांना पळ काढायला जागा राहत नाही, गोष्टच सांगावी लागते. धाकटा सुरुवातीला चिडायचा, अंगठा उचलायला बघायचा, माझं बोट वाकवून खालून डोकवायचा. मग एक दिवस स्वतःच स्वतःचा अंगठा ठेवून वाचताना दिसला. गोष्ट सांगून झाली की विचारते, उत्तर ह्या आकड्याहून मोठं येईल की लहान? नुसता अंदाज. आणि त्यानंतरच अंगठा काढायचा.

आणि शेवटी ताळा. उत्तर गोष्टीत परत घालून गोष्ट खरी होते का बघायचं. समजा फरक ६ होता, अनयकडे १६, इराकडे १०. दिल्या ६. अनय १०, इरा १६. अरेच्चा, सारख्या कुठे झाल्या? उलट इराच वरचढ. तुमच्या नवऱ्याचं ६ अर्ध्या मिनिटात बाद झालं असतं, अर्धा तास भांडायची गरज नव्हती.

निशाचर_आई

अगं मंजिरी! हे सोन्यासारखं आहे, वाचनखूण साठवली. भांडण तेवढं परत मिळणार नाही, मजा आली होती :)

आडवातिडवा

मंजिरी, हे समजून घे, योजना कर, सोडव, मागे वळून बघ म्हणजे पोल्याच्या चार पायऱ्याच झाल्या. जॉर्ज पोल्या, हंगेरीत जन्मलेला गणितज्ञ, त्याने १९४५ साली पुस्तकात मांडल्या. मोठ्यांच्या गणितालाही त्याच लागू.

मंजिरी_म

हो का? मला तर वाटलं माझ्या अंगठ्याचा शोध आहे.

इतिहासाचा_किडा

कोणी लीलावतीचं नाव कसं काढलं नाही अजून! भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलं त्यात शाब्दिक उदाहरणांची नुसती चंगळ आहे आणि तीही 'हे बाले, सांग बरं' अशा लडिवाळ सुरात. मधमाश्यांचा थवा: पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा हिस्सा शिलिंध्रावर, ह्या दोन हिश्श्यांच्या फरकाच्या तिप्पट कुटजावर आणि एक मधमाशी केतकी-मालतीच्या वासाने भांबावून हवेतच घिरट्या घालतेय. एकूण किती? १५. ३, ५, ६ आणि ती एक. मला कायम त्या एकटीचीच काळजी वाटते.

आणि चीनच्या सुंझीच्या जुन्या ग्रंथातलं: पिंजऱ्यात कोंबड्यासारखे फेझंट आणि ससे, डोकी ३५, पाय ९४. तिसरीच्या मुलाला हे बीजगणिताशिवाय येतं. सगळ्या सशांना सांगायचं, मागच्या दोन पायांवर उभे राहा. आता प्रत्येक डोक्याला जमिनीवर दोनच पाय, म्हणजे ७०. उरलेले २४ पाय हवेत, ते सशांचे पुढचे. ससे १२, फेझंट २३. माझ्या भाच्याने हे ऐकून स्वतः दोन पायांवर उभं राहून दाखवलं, तो आधीपासूनच उभा होता ही गोष्ट वेगळी.

टिकोजीराव

हे बरोबर आलं मला! सशांचं! (आधीच उत्तर वाचलं होतं तरी.)

शून्यशेष

अभिनंदन. आता दोन दिवसांआड एक करत जा. म्हणजे गुरुवारी.

दोन_भाषा

हसून हसून पुरेवाट

निशाचर_आई

अपडेट द्यायला आले. आठवडा झाला.

सरांचं आधी केलं, वाचून दाखवलं. निम्मी उदाहरणं तशीच सुटली, म्हणजे वाचनाचा भाग होताच. 'पेक्षा' वाली मात्र वाचून दाखवूनही नाही. मग अंगठा. दोन दिवस "आई प्लीज आकडा दाखव ना" झालं. तिसऱ्या दिवशी वाहनांचं एक उदाहरण होतं, गोष्ट सांगताना म्हणाली, "म्हणजे सायकली जास्त आहेत, पण सांगितलंय गाड्यांचं." मी काही बोलले नाही. भुवई पण नाही हलवली, उशीत तोंड खुपसून बसले होते कारण माझी भुवई तिला वाचता येते.

गोट्यांचं उदाहरण बटणांनी केलं. नवऱ्याला बोलावलं, तो इरा झाला, ती अनय. तिने त्याला ६ बटणं दिली आणि म्हणाली "आता बघा बाबा, मोजा". बाबांनी मोजलं. मग बाबा म्हणाले "मी हेच म्हणत होतो."

एक तक्रार आहे, पट्ट्या तिला अजिबात आवडल्या नाहीत. खोके काढत बसते, मग खोक्यांना खिडक्या, मग छप्पर, आणि समीरचा बंगला रियाच्या बंगल्यापेक्षा तिप्पट मोठा का म्हणून रियासाठी वाईट वाटून घेते. सोडून दिलं सध्या.

रेघोट्या

राहू दे गं. बंगला तिप्पट मोठा काढतेय म्हणजे कळलंय तिला :)

जुना मास्तर

आता तिला स्वतः उदाहरण बनवायला सांगा. सोडवण्यापेक्षा घालणं अवघड. वर्गात शेवटच्या तासाला करायचो, पोरं एकमेकांना घालायची. कोणाला गोष्ट कळते आणि कोणाला नाही हे त्यातून जेवढं दिसतं तेवढं पेपरातून दिसत नाही.

निशाचर_आई

सर, सांगितलं. पाच मिनिटांत घेऊन आली. अक्षर तिचं, शुद्धलेखन मी सुधारलंय, बाकी जसंच्या तसं:

"बाबा रोज २ तास मोबाईल बघतात. आई रोज १ तास मोबाईल बघते. तर माझा अभ्यास कोण घेणार?"

मंजिरी_म

आईगं. हे अंगठ्याने झाकून पण झाकलं जाणार नाही.

चष्मिष

कप्तानाचं वय बरं होतं ह्यापेक्षा.

टिकोजीराव

३ तास. एकक लिहिलंय सर, मार्क कापू नका.